पहिला दात येईपर्यंत

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. तू तिकडे तोंड फुगवून बसली असशील, ते मला इथून दिसतंय. आता राग सोड, कारण बातमी चांगली आहे. गोळ्या लागू पडल्या. बाळंतपणानंतरचं नैराश्य, असं माझ्या दुखण्याचं नाव डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याचं मागे लिहिलंच होतं. आता मला झोप लागते, दोन घास जातात, बाथरूमचं दार लावून रडत बसणं थांबलंय. डॉक्टरीणबाई खूश आहेत. आमचे हे, लिफ्टवाले, तर इतके खूश, की परवा शीळ वाजवत कामावर गेले. त्यांना शीळ येत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

गुंडी मजेत आहे. नाव तूच ठेवलंस आणि आता तेच सगळ्यांच्या तोंडी बसलंय. चार महिन्यांची झाली. सासूबाईंनी आयुष्यभर तान्ह्या बाळांचा वॉर्ड सांभाळला, मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या, आता त्यांचा तो सगळा वॉर्ड म्हणजे एकटी गुंडी. आंघोळ त्या घालतात, बाटली त्या देतात, पाळणाही त्यांच्याच खोलीत आहे. मला विश्रांती मिळावी म्हणून त्या जिवाचं रान करतात. मिळते ग विश्रांती. इतकी मिळते की मी या घरात पाहुणी आल्यासारखी खुर्चीवर बसून असते. गुंडीला मी घेतलं की ती भोकाड पसरते आणि त्यांच्या खांद्यावर गेली की गप्प होते. मी काही चूक करते असं कुणी म्हणत नाही. सगळे चांगलेच वागतात.

आता मुख्य गोष्ट लिहिते. शांतपणे वाच. गुंडीला तू आणि भावोजींनी न्यावं. चार दिवसांसाठी नव्हे, कायमचं. तुम्ही दोघांनी मुलासाठी काय काय सोसलं ते मी पाहिलंय. इथे एक मूल आहे आणि त्याच्या आईला त्याच्याकडे बघून काहीच होत नाही. आधी निदान रडू यायचं. गोळ्यांनी रडू गेलं, पण त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. मी यावर डोकं थंड ठेवून विचार केलाय. हे लिहितानाही मला रडू येत नाही, म्हणजे निर्णय बरोबरच असणार.

हो म्हण. भावोजींना नमस्कार. माझ्यावरची माया कमी करू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
धाकटी

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र कारखान्यातच वाचलं. एका जुन्या कोचाचं कापड उसवून त्याच्या स्प्रिंगा बाहेर काढल्या होत्या आणि हातात हातोडी होती. ती खाली ठेवली. नंतर तो कोच दोन दिवस तसाच उघडा पडून होता आणि गिऱ्हाईक येऊन माझं डोकं खाऊन गेलं.

पहिलं विचारते आणि सरळ विचारते, कारण आडून विचारायला मला कधीच जमलं नाही. तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का? आले होते का? मूल असं वाटून टाकायला निघालेली बाई मागे कुणासाठी काही ठेवते का, अशी शंका आली. या प्रश्नाचं उत्तर पोस्टाने नको, फोन कर. आणि असं काही असेल तर माझ्याही आधी डॉक्टरीणबाईंना सांग.

आता तुझ्या मागणीचं. खोटं बोलणार नाही. वाचल्यावर मला हो म्हणावंसं वाटलं. नुसतं वाटलं नाही, मी मनातल्या मनात आमच्या मागच्या खोलीतले फोमचे गठ्ठे हलवून तिथे पाळणाही ठेवला. ह्यांनाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर लाकडाच्या ढिगातून बारीक बारीक तुकडे निवडत बसलेले. लहान खुर्ची होईल एकाची, एवढंच म्हणाले. माझा नवरा सुतार आहे, त्याला बोलायला लाकूड लागतं.

म्हणूनच आज हो म्हणत नाही. मला इतकं हवं असलेलं मूल तुझ्या आजारपणात तुझ्याकडून घेतलं, तर मी जन्मभर तुझ्याकडे वर मान करून बघू शकणार नाही. आपण एक करार करू. गुंडीला पहिला दात येईपर्यंत तू हा विषय काढायचा नाहीस आणि मीही काढणार नाही. तोवर तू गोळ्या सोडायच्या नाहीत, पण गोळ्यांवर थांबायचंही नाही. गोळ्यांनी झोप आली, भूक आली, ते उत्तम झालं. आता उरलेल्याला काय औषध आहे ते डॉक्टरीणबाईंना विचार. हे सगळं नवऱ्याला सांग. तो लिफ्टा दुरुस्त करतो, अडकलेल्या माणसांशी कसं बोलावं हे त्याला येत असेल. दात आल्यावरही तू हेच म्हणालीस, तर मी आणि हे येऊ आणि घेऊन जाऊ. शब्द आहे माझा.

तू पोटभर जेवतेस यानेच मला निम्मं बरं वाटलं. लोभ आहेच, तो वाढतच राहील.

तुझी,
ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी नाही म्हणाले, ते आजच्यापुरतं खरंच होतं. सुरुवातीला, गोळ्यांच्या आधी, तसले विचार येऊन गेले होते. तेही आता डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी इतक्या शांतपणे ऐकलं, की आपण उगाच इतके दिवस ते ओझं वाहिलं असं वाटलं. पुन्हा आले तर कुणाला, कधी, कुठे फोन करायचा ते त्यांनी मला आणि ह्यांनाही समजावलं.

तुझा करार कबूल. धूर्त आहेस. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या बाईला तू दाताची मुदत घातलीस. दात आल्याची खोटी बातमीही मला देता येणार नाही, धंद्याची बदनामी होईल.

पुढची हकीकत फारशी बरी नाही. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवून पाहिली, बदलून पाहिली. शेवटी म्हणाल्या की गोळीने जमीन सपाट होते, चालायला मात्र माणसाचा हात लागतो. त्यांनी एका समुपदेशकाकडे पाठवलं. बाकी माणूस सज्जन. त्याने मला डोळे मिटून समुद्र बघायला सांगितला आणि मग माझ्याकडे असलेल्या चांगल्या गोष्टी मोजायला लावल्या. निरोगी मूल, प्रेमळ नवरा, कामाच्या सासूबाई. मी सगळं मोजून दाखवलं आणि बाहेर येऊन जिन्यात बसले, कारण इतकं सगळं असून ज्या बाईला काही वाटत नाही ती कसली बाई, असं वाटायला लागलं. दुसऱ्यांदा गेले नाही. डॉक्टरीणबाईंना तसं सांगायला आठवडा गेला, कारण त्यांना वाईट वाटेल अशी भीती. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या की एक कवळी बसली नाही म्हणून कुणी दातच नको म्हणतं का? माझा धंदा त्यांच्या लक्षात आहे तर! आता त्यांनी दुसऱ्या एका बाईंचं नाव दिलंय. त्या फक्त आया आणि बाळं एकत्रच बघतात. नंबर लागायला वेळ आहे.

ह्यांना तुझ्या-माझ्या कराराचं सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग त्यांना ते एकट्याने पेलवलं नाही आणि त्यांनी आपल्या आईला सांगितलं. घरात तेव्हापासून भांडी फार आपटतात.

तुझा जीव टांगणीला लावलाय, त्याबद्दल माफ कर. तुझ्या मायेची सवय झालीय, मोडू नकोस.

तुझी,
धाकटी

२४ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायची मला सवय नाही. वॉर्डात मी चार शब्दांत काम भागवत असे, तसंच लिहिते, मनाला लावून घेऊ नकोस. माझी नात तुझ्याकडे द्यायचं घाटतंय असं कळलं. मला कुणी विचारलं नाही. तिच्या संगोपनात काय कमी पडलं ते मला कळायला हवं. वजन उत्तम आहे. अंगावर एक पुरळ नाही. मी हजारो बाळं या हातांनी धुतली, पुसली, आईजवळ दिली. थकलेल्या बाईला झोपू द्यायचं आणि मूल आपण उचलायचं, हे मी नव्या नर्सांना शिकवलं. तेच मी सुनेसाठी केलं.

आता ती एका बाईंकडे जाते, गुंडीला घेऊन. बाईंनी काय सांगितलं असेल? गुंडीची आंघोळ रोज आईनेच घालायची आणि तेव्हा मी घरात असायचं नाही. माझ्याच घरात! पहिल्या दिवशी मी जिन्यात उभी होते. पोर किंचाळत होती, पाणी गार असणार हे मला बाहेरून कळत होतं. मुलगा दारात पहारा द्यावा तसा उभा. मला आत जाऊ दिलं नाही. शेजारणीने विचारलं की काय झालं, तर मी वारा खातेय म्हणाले. जिन्यात कसला वारा?

तू मोठी आहेस. शहाणी आहेस असं सून म्हणते. तूच सांग यात माझं काय चुकलं? आणि ते दाताचं काय ते खरं आहे का? तब्येतीला जपावे.

काकू

३० मार्च

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मला तुमचा राग आला नाही, आपल्यासारखंच कुणी आहे असं वाटलं. मलाही कुणी काम चुकीचं करत असेल तर हात मागे बांधून बसता येत नाही.

तुमच्या कामात काही कमी नाही, काकू. अडचण तीच आहे. मी लग्नानंतर गादीकाम शिकले, ह्यांच्याकडूनच. मी कोचाला कापड ताणून चुका, म्हणजे बारीक खिळे, मारायचे आणि घरी गेले की हे मागाहून त्या चुका उपटून पुन्हा सरळ मारायचे. मला वाईट वाटू नये म्हणून बोलायचे नाहीत. माझ्या एकदा ते लक्षात आलं आणि नंतर कितीतरी दिवस मी हातोडीला हात लावला नाही. ह्यांनी चांगल्या मनानेच केलं होतं. पण माझ्या वाकड्या चुका तशाच राहिल्या असत्या, तर मी लवकर शिकले असते. धाकटीला वाटतं की गुंडीला आई म्हणून तुम्ही पुरता आणि ती तिथे फालतू आहे. ती आधीच आजारी आहे, त्यात तिला रोज हेच दिसतं. पाणी थोडं गार असू द्या.

दाताचं खरं आहे. आणि एक खरं सांगते, तुम्ही मला मनातून शिव्या दिल्या तरी चालतील. त्या दाताची वाट मी दोन्हीकडून बघते आहे, पोर मला मिळावी म्हणूनही आणि धाकटीकडेच राहावी म्हणूनही. आपल्या दोघींनाही ती पोर हवी आहे. पण ती ज्या बाईची आहे तिला ती हवीशी व्हावी, यासाठी आपण दोघींनी जिन्यातच उभं राहायला हवं. मी लांबच्या जिन्यात आहे, एवढाच फरक.

तुमचा आशीर्वाद राहू द्या, रागाच्या पाठोपाठ आला तरी चालेल.

आपली,
ताई

२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सासूबाईंना तू काय लिहिलंस ते त्या सांगत नाहीत. पण पाळणा आमच्या खोलीत आला. त्यांनी स्वतः ढकलत आणला, म्हणाल्या की त्याच्या चाकाचा आवाज त्यांना झोपू देत नाही. पाळण्याला चाकंच नाहीत.

त्या बाईंबद्दल लिहायचं राहून गेलं. त्यांची खोली एका वाचनालयाच्या मागे आहे. टेबल नाही, खुर्च्या नाहीत, नुसती सतरंजी. पहिल्या दिवशी मी त्यांना सांगून टाकलं की मला हिच्याबद्दल काही वाटत नाही. मला वाटलं आता ह्या समजूत घालतील. त्या म्हणाल्या की वाटायचं नंतर बघू, आधी नुसतं बघा. पोरीला समोर ठेवायचं, खेळवायचं नाही, हसवायचं नाही, ती काय बघते तेवढंच आपण बघायचं. मला दुसऱ्याच्या तोंडात बघायची सवय, डोळ्यांत नाही. मी आपली तिच्या तोंडाकडे बघत बसले. हिरड्या छान आहेत, वरचा जबडा किंचित अरुंद, माझ्यासारखा. ताई, तिने आ केला. मी काम करताना नकळत आ करते ना, तसा मी केला असणार, आणि तिने माझं बघून केला. मी पुन्हा केला, तिने पुन्हा. मी घरी आल्यावर रडले, पण हे रडणं निराळं होतं. कितीतरी दिवसांनी काहीतरी दुखलं.

गुरुवारी तिथेच आणखी चार-पाच आया जमतात. चहा अगदी भिकार असतो. त्यात एक बस चालवणारी आहे. तिने सांगितलं की तिचं बाळ तिला कुणीतरी बसमध्ये विसरलेल्या सामानासारखं वाटायचं, मालक कधी येतोय याची ती वाट बघायची. मी फिसकन हसले. मग सगळ्याच हसल्या, तीही. आपण एकट्याच अशा नाही, हे डॉक्टरीणबाईंनी कितीदा सांगितलं होतं, पण तिच्या तोंडून ते पटलं.

सगळं छान झालं असं समजू नकोस. गेल्या आठवड्यात तीन दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. गोळी चालू आहे आणि अजून बरेच दिवस राहील. आंघोळीला गुंडी अजून रडते, पण मी आता पळून जात नाही. सकाळी दोन तास कवळ्यांच्या कामावर जाते. हातांना प्लास्टरचा वास आला की मला मी आठवते.

दात अजून नाही. कराराप्रमाणे दुसरं काही लिहीत नाही. लोभ ठेव आणि वाट बघ.

तुझी,
धाकटी

१४ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. मीही कराराप्रमाणे काही लिहीत नाही. भिंतीकडे तोंड करून पडलीस ते डॉक्टरीणबाईंना आणि त्या बाईंना सांगितलंस ना? चांगल्या बातम्यांत ते दडवू नकोस, माझ्यापासून तर मुळीच नाही.

इथलं कळवते. ह्यांची छोटी खुर्ची तयार झाली. मी तिची गादी तीनदा उसवली, कारण मापाला मूल नव्हतं. शेवटी अंदाजाने शिवली आणि मधोमध एक गुंडी लावली. खुर्ची खिडकीशी ठेवली आहे. गिऱ्हाइकं किंमत विचारतात. विकायची नाही म्हणते आणि आत निघून जाते. तुला हे लिहावं की नाही याचा विचार केला, पण आपण एकमेकींशी खोटं वागलो तर उरलं काय? यावरून तू मात्र काही ठरवू नकोस. मला खुर्च्या पुष्कळ आहेत.

माझी आठवण काढत जा, तेवढ्यावर माझं भागतं.

तुझी,
ताई

७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आला!

आज आंघोळ घालताना. गुंडी हल्ली आंघोळीला रडत नाही, पाणी उडवते आणि मलाच न्हाऊ घालते. मी बोटाने तिचं तोंड पुसत होते आणि बोटाला टोचलं. खालचा, मधला, डावा. मी ओरडले. गुंडी दचकली, मग मला बघून तिने आ केला आणि मला तो दिसला. हिरडीतून नखाएवढाही नाही वर आलेला. इतकी वर्षं मी दात बनवते ग. मेणात कोरते, साच्यात घालते, रंगांच्या पट्टीशी लावून बघते. पट्टी कामाच्या पिशवीतच होती, ओल्या हातांनी काढली आणि लावून बघितली. हा रंग माझ्या पट्टीतच नाही. आणि हा मी बनवलाय.

सासूबाई जिन्यातून धावत आल्या, वाटलं काय झालं. त्यांना दाखवला. ताई, त्यांच्याही आधी मला सापडला! चाळीस वर्षांचा वॉर्ड मागे पडला. त्यांनी चष्मा लावून पाहिला, तोंडात बोट घातलं आणि म्हणाल्या की त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

आता करार. मी या पत्राची सुरुवात सकाळपासून चारदा केली, कारण पुढचं वाक्य तुला दुखेल. गुंडी मी देत नाही. मला तिच्याकडे बघून अजून दरवेळी भरून येत नाही, काही दिवस तर मुळीच नाही. पण आज बोटाला टोचलं तेव्हा पहिला विचार आला की ताई आता हिला न्यायला येईल, आणि मी तिला ओली तशीच छातीशी घट्ट धरली. एवढी घट्ट की ती चिडली. पुढे काय वाटेल ते वाटो, हे मला वाटलं आणि ते माझं आहे. तू त्या दिवशी हो म्हणाली असतीस तर मी सामान बांधून दिलं असतं, हे मी विसरणार नाही.

तुझ्या खिडकीतल्या खुर्चीचं काय करू? माझ्यावर रागव, पण थोडाच वेळ.

तुझी,
धाकटी

७ जून

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

सुनेचं पत्र याच टपालाने येईल. माझं मागाहून वाच आणि वाचून फाडून टाक.

दात सोमवारी आला. आज शनिवार. मी चमच्याने पेज भरवत होते आणि चमचा खट्ट वाजला. तो आवाज मी झोपेतही ओळखते. तोंड उघडलं होतं सगळ्यांना हाक मारायला, पण मिटलं. हा दात कुणाला सापडायला हवा ते मला कळत होतं. त्या दिवसापासून मी मूग गिळून बसले. मुलालाही सांगितलं नाही. सून रोज आंघोळ घालायची आणि मी रोज जिन्यात उभी. तिचं बोट चुकत होतं. बुधवारी वाटलं आपणच जाऊन बोट धरावं. गेले नाही. मनात भीतीही होती. सापडला आणि तिने तुला निरोप पाठवला तर? जन्मात पहिल्यांदा एखाद्या बाळाचा दात उशिरा यावा असं मला वाटलं होतं, आणि आल्यावर तो लपून राहावा असंही.

आज ती ओरडली. आत गेले तर पोरीला कवटाळून ओल्या फरशीवर बसलेली. मी पाहिलं आणि काय ते समजले. लक्षात आलं नव्हतं म्हणाले. मेट्रनच्या तोंडून हे निघायला फार जड गेलं, पण निघालं.

आता तुझं. आम्हाला आमची पोर मिळाली त्यात तुझ्या वाट्याला काय आलं, ते मला कळतं. मी कितीतरी बायांना रिकाम्या हातांनी घरी जाताना पाहिलंय आणि त्यांना काय बोलावं हे मला शेवटपर्यंत शिकता आलं नाही. म्हणून बोलत नाही, सांगते. गुंडीला आता बसता येतं. सुनेच्या खोलीशेजारची खोली मी झाडून ठेवली आहे, दोघांना हवे तितके दिवस राहता येईल. तिची आंघोळ आईच घालील, पण नंतर अंग पुसायला एक माणूस लागतं, आणि मला जिन्यात सोबत नाही.

खुर्ची पाठवू नका. घेऊन या.

काकू